निअँडरथल मानवाचा लोप व संगणकीय सदृशीकरण

यूरोप आणि पश्चिम व मध्य आशियाच्या काही भागांत सु. ४,००,००० ते ४०,००० वर्षांपूर्वीच्या काळात वस्ती करून असलेला निअँडरथल मानव कशामुळे नाहीसा झाला, या प्रश्नाचा शोध संगणकावर रचलेल्या काल्पनिक लोकसमूहांच्या साहाय्याने घेण्याची पद्धती. प्रत्यक्ष उत्खननातून हाती येणारी हत्यारे, हाडे व राखेचे थर यांवरून काय घडले याचा अंदाज करता येतो; परंतु ते कशामुळे घडले, हे त्यांवरून थेट सांगता येत नाही. एखादे कारण मानले तर त्याचा परिणाम किती काळात व कोणत्या क्रमाने दिसला असता, याचे गणित मांडून ते पुराव्याशी पडताळून पाहणे, हे सदृशीकरणाचे मुख्य कार्य होय. एकोणिसशे ऐंशीच्या दशकापासून ही पद्धती प्रागितिहासाच्या अभ्यासात रुजली असून तिच्यामुळे निअँडरथल मानवाविषयीच्या अनेक रूढ कल्पना मागे पडल्या आहेत.

प्रश्नाचे स्वरूप : जर्मनीतील ड्यूसेलडॉर्फजवळच्या निअँडर खोऱ्यात १८५६ मध्ये या मानवाचे अवशेष सापडले व १८६४ मध्ये विल्यम किंग याने त्यास होमो निअँडरथलेन्सिस असे नाव दिले. फ्रान्समधील ला शापेल-ओ-सँ येथे १९०८ मध्ये मिळालेल्या सांगाड्याचे वर्णन मार्सेलँ बूल या पुराजीववैज्ञानिकाने १९११–१३ या काळात प्रसिद्ध केले. त्यात हा मानव वाकून चालणारा, मंदबुद्धी व पशुवत असा रंगविला गेला आणि तीच प्रतिमा पाठ्यपुस्तकांतून व चित्रांतून दीर्घकाळ टिकली. हा सांगाडा संधिवाताने ग्रस्त अशा वृद्ध व्यक्तीचा असून तो सर्वसामान्य निअँडरथलांचा प्रतिनिधी मानता येत नाही, असे विल्यम स्ट्रॉस व ए. जे. ई. केव्ह यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले. तोपर्यंत मात्र ‘हीन जमात नाहीशी झाली व श्रेष्ठ जमात उरली’ हे विधान जणू स्वयंसिद्ध मानले जात होते. ज्या काळात हे विधान रूढ झाले, तो वसाहतवादाचा काळ होता. जिंकलेल्या समाजांचा ऱ्हास हा निसर्गनियमच होय, असे मानणाऱ्यांना त्यापासून सोयीस्कर आधार मिळाला. त्यामुळे निअँडरथलांच्या लोपाचे कारण शोधणे हा केवळ हाडांचा वाद राहत नाही. एखादा मानवसमूह नाहीसा झाला, एवढ्यावरून तो कमी प्रतीचा होता असे म्हणता येते काय, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

टॉमस हायम व त्याचे सहकारी यांनी यूरोपातील अनेक स्थळांच्या कार्बन–१४ कालनिश्चितीचा फेरविचार करून २०१४ मध्ये असा निष्कर्ष काढला, की निअँडरथलांची मूस्तेरियन संस्कृती सु. ४१,००० ते ३९,००० वर्षांपूर्वी संपुष्टात आली आणि त्यापूर्वी सु. २,६०० ते ५,४०० वर्षे निअँडरथल व आधुनिक मानव (होमो सेपिएन्स) यूरोपात एकाच काळात वावरत होते. शंभराहून अधिक पिढ्यांचा हा सहवास होय. तो अल्पही नव्हे व अमर्यादही नव्हे. कोणत्याही स्पष्टीकरणाला या कालमर्यादेत बसावे लागते.

पद्धती : सदृशीकरणात प्रथम एक प्रतिमान, म्हणजे वास्तवाचे जाणूनबुजून सोपे केलेले गणिती रूप, तयार करतात. नकाशाचे सारख्या चौकटींत विभाजन करून प्रत्येक चौकटीत किती माणसे निर्वाह करू शकतील, दर पिढीत किती जन्मतील व किती मरतील, शेजारच्या चौकटीत किती स्थलांतर करतील, यांसंबंधीचे नियम ठरविले जातात. काही प्रतिमानांत समूहांऐवजी एकेक व्यक्ती वा कुटुंब हा घटक धरतात. त्यांस घटकाधारित प्रतिमाने म्हणतात. जन्म, मृत्यू, स्थलांतर इ. घटनांत दैवयोगाचा वाटा असल्यामुळे संगणक यादृच्छिक संख्यांच्या आधारे त्या ठरवितो व तोच प्रयोग शेकडो वा हजारो वेळा करतो. एकाच फेरीच्या फलितास फारसे महत्त्व नसते. हजार फेऱ्यांपैकी किती फेऱ्यांत समूह नाहीसा झाला, हे प्रमाण महत्त्वाचे असते.

अशा चौकटींचा आवाका ध्यानी येण्यासाठी वाशीम जिल्ह्याचे उदाहरण घेता येईल. अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी निर्माण झालेल्या या जिल्ह्याचे क्षेत्रफळ सु. ५,००० चौ. किमी. आहे. यूरोपातील निअँडरथलांविषयीच्या एका प्रसिद्ध प्रतिमानात ५० किमी. लांबी-रुंदीच्या, म्हणजे प्रत्येकी २,५०० चौ. किमी.च्या चौकटी योजिल्या होत्या. त्या मापाने वाशीम जिल्हा केवळ दोन चौकटींत मावतो. २०११ च्या जनगणनेनुसार तेथे सु. १२ लक्ष लोक राहत होते. शिकार व अन्नसंकलन यांवर जगणाऱ्या समाजात, दर २० चौ. किमी.स एक माणूस एवढी विरळ घनता गृहीत धरल्यास, त्याच भूमीवर अवघी २५० माणसे असतील. एखाद्या लहान वाडीहून ही संख्या फार मोठी नाही आणि ती संपूर्ण जिल्हाभर विखुरलेली असेल.

आता या २५० माणसांचा समूह दर पिढीस केवळ २ टक्क्यांनी घटतो, असे मानू. पहिल्या पिढीत ही घट पाच माणसांची होईल. एवढा फरक त्या समूहातील कोणाही वृद्धास आपल्या हयातीत जाणवणार नाही. एखादा कठीण हिवाळा वा दुष्काळ यांमुळे होणारे चढउतार याहून मोठे असतात. तथापि याच गतीने सु. ३४ पिढ्यांत, म्हणजे पिढीचा काळ २५ वर्षे धरल्यास सु. ८५० वर्षांत, समूह निम्मा होतो आणि सु. २७३ पिढ्यांनंतर, म्हणजे सु. ६,८०० वर्षांनी, तेथे एकच माणूस उरतो. प्रत्यक्षात शेवट याहून लवकर होईल. कारण संख्या काही दशकांवर आली, की एखादी साथ किंवा काही वर्षे ओळीने मुलीच जन्मास न येणे एवढेही पुरेसे ठरते. युद्ध, कत्तल वा बुद्धीची उणीव यांपैकी काहीही न मानता केवळ कागद-पेन्सिलीने करता येणारे हे गणित संगणकीय प्रतिमानांच्या मुळाशी असलेली कल्पना स्पष्ट करते.

प्रमुख प्रतिमाने : अमेरिकन मानवशास्त्रज्ञ एझ्रा झुब्रो याने १९८९ मध्ये आयुर्मान कोष्टकांच्या आधारे मांडलेले लोकसंख्याशास्त्रीय प्रतिमान हे या क्षेत्रातील आद्य कार्यांपैकी एक होय. दोन समूह परस्परांच्या सान्निध्यात असता त्यांच्या मृत्युमानात सु. २ टक्क्यांचा फरक असला, तरी दुर्बळ समूह सु. ३० पिढ्यांत, म्हणजे सु. एक हजार वर्षांत नष्ट होऊ शकतो, असे त्याने दाखविले. मृत्युमानातील फरक प्रत्येक वयोगटात लागू होऊन साचत जात असल्यामुळे हा काळ वरील साध्या उदाहरणातील काळापेक्षा बराच कमी येतो. चिलीतील संशोधक फ्लोरेस याने १९९८ मध्ये परिस्थितिविज्ञानातील स्पर्धेची समीकरणे या प्रश्नास लावून मृत्युमानातील अल्प फरकाचे हेच महत्त्व गणिताने मांडले.

हवामानाचा विचार करणारे महत्त्वाचे कार्य विल्यम बँक्स, फ्रांचेस्को द एर्रिको व त्यांचे सहकारी यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केले. ज्ञात स्थळांचे हवामान व भूरचना यांवरून प्रत्येक समूहास राहण्याजोगा प्रदेश किती होता, हे त्यांनी संगणकाद्वारे काढले. हवामान अनुकूल होऊन निअँडरथलांचा संभाव्य प्रदेश वाढावयास हवा होता, त्याच काळात तो आक्रसत गेला व आधुनिक मानवाचा विस्तारला, असे त्यांना आढळले. त्यावरून थंडीपेक्षा स्पर्धा हे कारण अधिक संभवनीय आहे, असे त्यांनी म्हटले. दक्षिण कोरियातील पुसान येथील आक्सेल टिमरमान याने २०२० मध्ये महासंगणकावर हवामान, स्थलांतर, स्पर्धा व संकर यांचे एकत्रित सदृशीकरण केले. आकस्मिक हवामानबदल किंवा केवळ संकर यांपेक्षा अन्नासाठीची स्पर्धा गृहीत धरली असताच लोपाचा काळ व प्रदेश पुराव्याशी जुळतो, असा त्याचाही निष्कर्ष आहे.

याच्या उलट दिशेने जाणारी प्रतिमानेही आहेत. ओरेन कोलोडनी व मार्कस फेल्डमन यांनी २०१७ मध्ये दोन्ही मानवांत कोणताही गुणात्मक फरक नाही, असे गृहीत धरले. आफ्रिकेतून अधूनमधून लहान टोळ्या येत राहिल्या व उलट दिशेने तसे स्थलांतर झाले नाही, एवढ्यावरच कालांतराने निअँडरथलांची जागा आधुनिक मानव घेतो, असे त्यांच्या प्रतिमानात दिसून आले. क्रिस्ट व्हासेन व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये आधुनिक मानवास प्रतिमानातून पूर्णपणे वगळले आणि ५० ते ५,००० व्यक्तींच्या निअँडरथल समूहांचे १०,००० वर्षांचे भवितव्य तपासले. केवळ जवळच्या नात्यातील संततीच्या दुष्परिणामाने अगदी लहान समूहच नष्ट झाले. संख्या घटल्यामुळे जोडीदार मिळणे व सामूहिक शिकार कठीण होणे, यास परिस्थितिविज्ञानात ॲली परिणाम म्हणतात. तो प्रबळ असता सु. १,००० व्यक्तींपर्यंतचे समूह संपुष्टात आले. या दोहोंना जन्ममृत्यूंतील दैवाधीन चढउतारांची जोड दिल्यावर मात्र सर्व आकारांचे समूह नष्ट होण्याची शक्यता दिसली. त्याच वर्षी आन्ना देजोआन्नी व सहकाऱ्यांनी वीस वर्षांखालील मातांच्या जननक्षमतेत २·७ टक्के घट झाल्यास १०,००० वर्षांत व ८ टक्के घट झाल्यास ४,००० वर्षांत लोप घडू शकतो, असे दाखविले.

ही प्रतिमाने परस्परविरोधी वाटली, तरी त्यांचा एकत्रित अर्थ स्पष्ट आहे. अनेक भिन्न कारणे, प्रत्येक स्वतंत्रपणे, लोप घडवून आणण्यास पुरेशी ठरतात. त्यांपैकी कोणते प्रत्यक्षात घडले, हे केवळ प्रतिमान सांगू शकत नाही. मात्र कोणती कारणे आवश्यक नाहीत, हे ते निःसंशय सांगते. निअँडरथलांची मुळातली अल्पसंख्या व विखुरलेली वस्ती ध्यानात घेता त्यांच्या लोपासाठी त्यांची कत्तल झाली किंवा ते मंदबुद्धी होते, असे मानण्याची गरज उरत नाही.

जनुकीय पुराव्याची कसोटी : प्रतिमानाच्या फलितावर किती विसंबावे, याचा धडा या विषयाच्या इतिहासातच मिळतो. माथियास क्यूरा व लोरां एक्सकॉफिये यांनी २००४ मध्ये यूरोपचे सु. ७,५०० चौकटींचे प्रतिमान रचले (वर उल्लेखिलेल्या २,५०० चौ. किमी.च्या चौकटी याच प्रतिमानातील होत). त्या वेळी उपलब्ध असलेला पुरावा कलकणिकांतील डीएनएचा होता. तो केवळ मातेकडून संततीकडे येतो. आजच्या यूरोपीय लोकांत निअँडरथलांचा असा डीएनए आढळत नसल्यामुळे, १२,००० वर्षांहून अधिक सहवासातही संकराच्या घटना फार तर १२० घडल्या असाव्यात, असे त्यांचे गणित होते. २०१० मध्ये स्वांटे पेबो व सहकाऱ्यांनी निअँडरथलांच्या केंद्रकीय जीनोमाचा आराखडा प्रसिद्ध केला. आफ्रिकेबाहेरील आजच्या मानवांत निअँडरथलांचा सु. १ ते ४ टक्के वारसा आहे, असे त्यावरून सिद्ध झाले. या संशोधनशाखेतील कार्याबद्दल पेबो यास २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २०११ मध्ये क्यूरा व एक्सकॉफिये यांनी आपले प्रतिमान नव्या पुराव्यानुसार सुधारले. दोन्ही समूहांत संकर घडून आला, परंतु तो यशस्वी होण्याचे प्रमाण फारच अल्प होते, असे त्यांनी दाखविले. पूर्वीच्या गणितात चूक नव्हती. त्यास पुरविलेला पुरावा अपुरा होता. प्रतिमान पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. नवा पुरावा येताच त्यास बदलावे लागते आणि ते बदलता येते, हाच त्याचा गुण होय.

भारतीय उपखंड : निअँडरथलांचे अवशेष पूर्वेस उझबेकिस्तानातील तेशिक-ताश व सायबीरियातील आल्ताय पर्वतापर्यंत मिळाले आहेत. भारतीय उपखंडात ते मिळालेले नाहीत. मध्य प्रदेशात नर्मदाकाठच्या हथनोरा येथे १९८२ मध्ये भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना मिळालेली कवटी हा भारतातील प्राचीन मानवाचा सर्वांत महत्त्वाचा अवशेष असून तिचे वर्गीकरण वादग्रस्त आहे. काही तज्ज्ञ ती होमो इरेक्टसच्या उत्तरकालीन रूपाची मानतात, तर काही ती होमो सेपिएन्सच्या आद्य रूपाची मानतात. म्हणून उपखंडापुरता प्रश्न निअँडरथलांच्या लोपाचा नसून आधुनिक मानवाच्या आगमनाचा व त्याने येथील पूर्ववर्ती मानवांची जागा कशी घेतली याचा आहे. प्रश्नाची घडण मात्र तीच आहे.

जूली फील्ड, मायकेल पेट्राग्लिया व मार्ता मिराझोन लाऱ्ह यांनी २००७ मध्ये भौगोलिक माहिती प्रणालीच्या साहाय्याने आफ्रिकेतून दक्षिण आशियात येणाऱ्या मानवांचे संभाव्य मार्ग काढले. चढउतार, नद्या, वाळवंटे इत्यादींस श्रमाचे मूल्य देऊन सर्वांत कमी श्रमाचा मार्ग संगणकाने शोधला असता केवळ सागरकिनारा नव्हे, तर अंतर्भागातील नदीखोरीही वाटा म्हणून पुढे आली. क्वेंटिन ॲटकिन्सन, रसेल ग्रे व ॲलेक्सी ड्रमंड यांनी २००८ मध्ये कलकणिकांतील डीएनएच्या विविधतेवरून प्राचीन लोकसंख्येचे संगणकीय अनुमान केले. सु. ४५,००० ते २०,००० वर्षांपूर्वीच्या काळात जगातील निम्म्याहून अधिक मानव दक्षिण आशियात राहत असावेत, असे त्यावरून दिसते. निअँडरथल ज्या काळात यूरोपात विरळ होत गेले, त्याच काळात मानवाचे एक मोठे लोकसंख्याकेंद्र आपल्या उपखंडात असल्याचे हे अनुमान आहे. उत्तर गुजरातच्या निमओसाड प्रदेशातील शिकारी व अन्नसंकलक समाजांवर स्पेनमधील संशोधकांनी रचलेले घटकाधारित प्रतिमान २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. या प्रदेशात त्यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या सहकार्याने पुरातत्त्वीय संशोधन केले होते. केवळ सरासरी पाऊस नव्हे, तर वर्षावर्षांतील त्याचे चढउतार लोकसंख्येवर काय परिणाम करतात, हे त्यात तपासले आहे. सरासरी गाठणाऱ्या पावसाचा मधला खंडच पिकाचा घात करतो, हा अनुभव असलेल्या विदर्भ-मराठवाड्यातील वाचकास या भेदाचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही.

महाराष्ट्रातील पुरावा : इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीचा सु. ७४,००० वर्षांपूर्वी महास्फोट झाला. त्याची राख भारतातील अनेक नद्यांच्या गाळात सापडते. ज्वालामुखीच्या राखेचे थर महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील कुकडी नदीकाठचे बोरी, कऱ्हा नदीकाठचे मोरगाव आणि पश्चिम विदर्भातील पूर्णा नदीचा गाळप्रदेश येथे आढळले आहेत. या स्फोटाने मानवजात जवळजवळ नष्ट झाली काय, हा प्रश्न हवामानाच्या सदृशीकरणाद्वारे अभ्यासला गेला. २००९ मधील एका अभ्यासात पृथ्वीचे सरासरी तापमान कमाल ८ ते १७ अंश से. इतके घटल्याचे दिसले. २०१० मधील दुसऱ्या अभ्यासात हवेतील गंधकयुक्त कणांच्या वाढत्या आकाराचा हिशेब धरल्यावर ही घट सु. ३·५ अंश से. एवढीच आली. एका गृहीतकात बदल होताच फलित इतके बदलते.

गृहीतकांप्रमाणेच आधारभूत पुराव्याचेही तसेच आहे. बोरीच्या राखेचे वय प्रारंभी सु. १४ लक्ष वर्षे, नंतर सु. ६·७ लक्ष वर्षे मानले गेले. काही भूवैज्ञानिकांच्या मते ती ७४,००० वर्षांपूर्वीच्या टोबा स्फोटाचीच राख आहे. तेथे राखेच्या सान्निध्यात अश्यूलियन पद्धतीची दगडी हत्यारे मिळतात. राख लक्षावधी वर्षांची असेल, तर ही हत्यारे भारतातील अतिप्राचीन ठरतात. ती ७४,००० वर्षांचीच असेल, तर आधुनिक मानव येण्याच्या सुमारासही जुनी हत्यारपरंपरा दख्खनमध्ये चालू होती, असा अर्थ निघतो. प्रतिमानात यांपैकी कोणती संख्या घालावयाची, याचे उत्तर संगणकाजवळ नाही. ते नदीकाठच्या थरांतूनच मिळावयास हवे.

आधुनिक मानवाच्या आगमनाचा काळ हाही असाच वादाचा विषय आहे. आंध्र प्रदेशातील ज्वालापुरम् येथे टोबा राखेच्या खाली व वर सारखीच हत्यारे मिळाल्यावरून पेट्राग्लिया व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये आधुनिक मानव स्फोटापूर्वीच येथे आला असावा, असे मत मांडले. पॉल मेलर्स व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये जनुकीय आधाराने हे आगमन स्फोटानंतर, सु. ६०,००० ते ५०,००० वर्षांपूर्वी झाल्याचे प्रतिपादिले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील शीला मिश्र व त्यांचे सहकारी यांनी २०१३ मध्ये निमाडमधील मेहताखेडी येथील सूक्ष्मपात्यांची हत्यारे सु. ४५,००० वर्षांपूर्वीची असल्याचे दाखवून या तंत्राचे सातत्य उपखंडातच असल्याचे मत मांडले. महाराष्ट्रात जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे शां. अ. साळी यांनी १९७० च्या दशकात केलेल्या उत्खननात उत्तर पुराश्मयुगीन हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे मणी व रेषांकित तुकडा मिळाला. तो सु. २५,००० वर्षांपूर्वीचा असून अलंकरणाची जाणीव असलेल्या मानवाचा राज्यातील महत्त्वाचा पुरावा होय [⟶ अश्मयुग].

वाशीम जिल्ह्यासारख्या प्रदेशाचे स्थान या अभ्यासात दुहेरी आहे. अजिंठा डोंगररांगांनी व्यापलेल्या या पठारावरून जलविभाजक जातो. येथे उगम पावणाऱ्या काटेपूर्णेचे पाणी पूर्णा व तापी यांमार्गे अरबी समुद्रास मिळते, तर अडाण, अरुणावती यांचे पाणी पैनगंगा, वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांतून बंगालच्या उपसागरास जाते. कमीत कमी श्रमाचा मार्ग शोधणाऱ्या प्रतिमानात अशी पठारे पश्चिमेकडील खोऱ्यांतून पूर्वेकडील खोऱ्यांत उतरण्याच्या वाटा म्हणून महत्त्वाची ठरू शकतात. परंतु ती वाट खरोखरच वापरली गेली काय, हे दर्शविणारा कालनिश्चित पुरावा नसल्यास नकाशावरील रेषा ही केवळ शक्यताच राहते. बेसाल्ट खडकाच्या या प्रदेशात यूरोपातल्याप्रमाणे हाडे जतन करणाऱ्या चुनखडीच्या गुहा नाहीत. दगडी हत्यारे टिकतात, हाडे विरून जातात. गोदावरी, मांजरा इ. नद्यांच्या गाळात हत्तीसारख्या प्राण्यांचे जीवाश्म मिळाले आहेत. त्यामुळे नदीकाठचे गाळाचे कापलेले थर हेच पुराव्याचे मुख्य भांडार होय. वाळूउपसा, धरणांची बांधकामे व शेतजमिनींचे सपाटीकरण यांमुळे हे थर नोंद होण्यापूर्वीच नाहीसे होण्याचा धोका आहे. एकदा नष्ट झालेला थर कोणत्याही सदृशीकरणाने परत मिळविता येत नाही.

मूल्यमापन : संगणकीय सदृशीकरणावर प्रमुख आक्षेप असा, की त्यातून निघणारे उत्तर गृहीतकांतच दडलेले असते. स्पर्धेचा नियम घातला तर स्पर्धेचे उत्तर मिळते व तो वगळला तर दैवयोगाचे. हा आक्षेप निराधार नाही. तथापि पूर्वीच्या स्पष्टीकरणांतही गृहीतके होतीच. ती शब्दांच्या ओघात लपून राहत असत. प्रतिमानात प्रत्येक गृहीतक संख्येच्या रूपाने उघडपणे लिहावे लागते आणि दुसऱ्या कोणासही ते बदलून पाहता येते. ‘श्रेष्ठ’ वा ‘हीन’ हे शब्द समीकरणात घालता येत नाहीत. त्यांऐवजी जन्मदर, मृत्युमान, स्थलांतराचे प्रमाण असे काहीतरी निश्चित सांगावे लागते. शब्द असे संख्यांत उतरविताच निअँडरथलांच्या हीनत्वाचा सिद्धांत किती अनावश्यक होता, हे उघड झाले.

‘लोप’ या शब्दाचाही अर्थ त्यामुळे बदलला आहे. निअँडरथलांपासून आलेला तिसऱ्या गुणसूत्रावरील एक जनुकीय खंड कोविड–१९ चा आजार तीव्र होण्याचा धोका वाढवितो, असे ह्यूगो सेबेर्ग व पेबो यांनी २०२० मध्ये दाखविले. दक्षिण आशियातील सु. निम्म्या लोकांत त्याची निदान एक प्रत आढळते, तर यूरोपात हे प्रमाण सु. १६ टक्के आहे. भारतातील २,७६२ व्यक्तींच्या जीनोमांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार प्रत्येक व्यक्तीत निअँडरथल व डेनिसोव्हा या प्राचीन मानवांचा वारसा सु. १ ते २ टक्केच असला, तरी निरनिराळ्या व्यक्तींत त्याचे निरनिराळे तुकडे आहेत. ते एकत्र जुळविले असता निअँडरथल जीनोमाचा सु. निम्मा भाग केवळ भारतीयांच्या जीनोमांतून पुन्हा उभा करता येतो. ज्या भूमीत निअँडरथल मानवाचे एकही हाड सापडलेले नाही, तेथील लोकांत त्याचा इतका मोठा ठेवा विखुरलेला असावा, हे लक्षणीय होय. निअँडरथल समाज म्हणून नाहीसे झाले. पूर्वज म्हणून ते शिल्लक राहिले. त्यांच्या अंताचा इतिहास हा पराभूत परक्यांचा इतिहास नसून काही अंशी आपल्याच पूर्वजांचा इतिहास आहे.